संतकवी सोहिरोबानाथ आंबिये

गोमंतकाच्या सीमेलगतच्या बांदे गावी इ. स. १७१४ मध्ये सोहिरोबानाथांचा जन्म झाला. आंबिये घराण्याचे मूळ पेडणे महालातले. गावचे कुलकर्णीपण त्यांच्याकडे वंशपरंपरेने चालत आलेले. हिशेबाच्या वह्या लिहिणारा हा हात पुढे अभंगरचनेकडे वळला, त्यामागे एक कथा सांगतात. सावंतवाडी दरबाराच्या बोलावण्यावरून जात असता इन्सुलीच्या रानात ते फणस खावयास बसले. तोच एक तेजस्वी योगी समोर आला. सोहिरोबांनी त्यास भक्तिभावाने गरे दिले आणि त्याचा अनुग्रह झाला. ते गुरू म्हणजे नाथपंथी गैबीनाथ. त्या दिवसापासून त्यांचे चित्त कुलकर्णीपणात रमेना. वृत्ती सुटली आणि वाणीला पाझर फुटला.

पदे त्यांच्या मुखातून सहज स्रवत. ती लिहून ठेवण्याचे भान त्यांना नसे. परंपरेने सांगितले जाते की, हे काम त्यांच्या भगिनीने केले. त्या माउलीने लेखणी हाती धरली नसती तर किती पदे वाऱ्यावर विरून गेली असती, याची कल्पनाही करवत नाही. ‘सिद्धांतसंहिता’, ‘अद्वयानंद’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अक्षयबोध’ आणि ‘महदनुभवेश्वरी’ हे त्यांचे ग्रंथ होत.

वयाच्या साठीत, इ. स. १७७४ च्या सुमारास, घरदार मागे ठेवून ते तीर्थाटनास निघाले आणि अखेर उत्तरेस पोहोचले. त्या प्रांती मराठी नवीच होती. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी भोपाळजवळ निजामाला कोंडीत धरले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराहे येथे झालेल्या तहाने माळव्यात मराठ्यांचा अंमल मान्य झाला. शिंदे, होळकर आणि पवार यांच्यामागून मराठी भाषा नर्मदेपार गेली खरी. तथापि ती छावणीची, दरबाराची आणि मोजक्या घरांचीच राहिली. सभोवार लोकांच्या ओठी माळवी आणि हिंदी. अशा मुलखात बांद्याच्या या संताने आपली मराठी पदे गाइली आणि तेथील जनांसाठी हिंदीतही रचना केली. परभाषेचा अव्हेर केला नाही, स्वभाषाही टाकली नाही.

महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा केरकर हे पेडणे महालातील केरी गावचे. त्यांच्यामुळे ग्वाल्हेरीस सोहिरोबांची आणि महादजींची भेट घडली, असे सांगतात. महादजी स्वतः पदे रचीत. त्यांनी आपले काव्य दाखविले. सोहिरोबांनी मात्र स्तुतीचा एक शब्दही उच्चारला नाही. महादजी रुष्ट झाले. तेव्हा या वृद्ध अवधूताने आपल्याला कोणाचीच गरज नसल्याचे हिंदी पदातून निर्भयपणे गाऊन सांगितले. ज्यांच्या शब्दावर दिल्लीचे राजकारण हालत असे, त्यांच्यापुढे हे धैर्य!

पुढे उज्जयिनीस त्यांचा मठ झाला. इकडे १७८८ मध्ये पेडणे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेला. इ. स. १७९२, शके १७१४ च्या रामनवमीस सोहिरोबानाथ मठातून निघून गेले, ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. देह कोठे ठेवला, हे कोणालाच कळले नाही.

समाधी नाही, म्हणून पदांनाच समाधी मानावयाचे. मंगेशीचे सुपुत्र पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या कंठातून त्यांचे पद महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. पेडण्यातील विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयास त्यांचे नाव दिले आहे. १९५६ साली भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि नोकरीनिमित्ताने अनेक मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. आपल्या महाजन कुटुंबांतील मुलेबाळेही आज अशीच दूरदूरच्या नगरांत वाढत आहेत. त्यांची शाळा आणि बाजार यांची भाषा वेगळी असणारच. परंतु सांजवेळी देवापुढे दिवा लावून सोहिरोबांचे एक पद घरात म्हटले गेले, आणि भगिनीने जपले तसे कोणी ते वहीत उतरून ठेवले, तर आपली वाणी परमुलखातही निराधार होणार नाही.