मसूर ते कसबे तडवळे : बाबासाहेबांचे मुक्काम

राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या पदव्या, सत्याग्रह आणि ग्रंथ यांवर विपुल लिहिले गेले. या चरित्राचा एक साधा धागा मात्र अनेकदा दुर्लक्षित राहतो. हा माणूस आयुष्यभर प्रवास करीत राहिला आणि प्रत्येक प्रवासात एकच प्रश्न त्याच्यासमोर उभा राहिला, उतरायचे कोठे आणि पाणी कोण देणार? या प्रवासाचा एक महत्त्वाचा टप्पा धाराशिव जिल्ह्यात आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण प्रामुख्याने साताऱ्यात गेले. लष्करातून निवृत्त झालेले वडील, सुभेदार रामजी, खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. १९०१ च्या उन्हाळ्यात भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले व मसूर स्थानकावर उतरले. मुलांनी धाडलेले पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते, त्यामुळे घ्यायला कोणी आले नाही. अंगावरचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशन मास्तरांनी प्रथम आपुलकीने चौकशी केली; जात कळताच त्यांची मुद्रा पालटली. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार होईनात. अखेर एका गाडीवानाने तोडगा काढला. मुलांनी बैल हाकायचे आणि त्याने बाजूने पायी चालायचे! सोबत शिदोरी होती, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावर स्वतःला मुसलमान सांगूनही घोटभर पाणी मिळाले नाही. दहा वर्षांच्या त्या मुलाने शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसणे स्वाभाविक मानले होते; या रात्रीने मात्र त्याला विचार करायला लावले.

सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा खोलीचा सोबती होता आणि ही मैत्री आयुष्यभर टिकली. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे नोंदविले आहे. अर्थात, तेव्हाची अमेरिका समतेचे नंदनवन नव्हती. विद्यापीठाच्या शेजारी हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती, आणि १९१७ च्या कायद्याने भारतासह बहुतेक आशियातील मजुरांना त्या देशाचे दार बंद झाले. भेदभाव तेथेही होता. पण या एका विद्यार्थ्याला खोली नाकारली गेली नव्हती.

ती नाकारली गेली स्वदेशी. करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानात नोकरीस रुजू झाले, तेव्हा स्वतः महाराजांचा हा अधिकारी राहायला जागा शोधत फिरत होता. पारशांव्यतिरिक्त कोणालाही प्रवेश नसलेल्या एका पारशी विश्रामगृहात, चालकाशी समझोता करून, पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या दहा-बारा पारशांनी त्यांना घेरले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. कोलंबियात जिवाभावाचा मित्रही पारशीच होता, हा योगायोग त्यांच्या मनाला किती बोचला असेल! त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला. हिंदू मित्राला घरातील नोकर निघून जातील ही धास्ती होती; ख्रिस्ती मित्राला पत्नीची संमती हवी होती, आणि ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते. धर्म बदलला तरी जात घरातून गेली नव्हती. कमाटी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

यापुढचे सार्वजनिक आयुष्य सुपरिचित आहे. १९२० चे ‘मूकनायक’, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० चा काळाराम मंदिराचा लढा, गोलमेज परिषद, १९३५ ची येवल्याची घोषणा. मुक्कामाच्या दृष्टीने यात एक गोष्ट ठळक दिसते. १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली, धाराशिवच्या शेजारच्या सोलापुरात, दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. शहरात शिकू पाहणाऱ्या खेड्यातील मुलाला शाळेइतकीच निवाऱ्याची गरज असते, हे त्यांच्याइतके कोणी भोगले होते?

त्यांच्या मोठेपणाने रस्ते मात्र बदलले नाहीत. १९२९ मध्ये सरकारी समितीचे सदस्य म्हणून दौऱ्यावर असताना चाळीसगावात एकही टांगेवाला त्यांना नेण्यास राजी झाला नाही. नवख्या हाकणाऱ्याच्या टांग्यातून ते फेकले गेले व पायाला गंभीर दुखापत झाली. १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह वेरूळकडे जाताना दौलताबादच्या किल्ल्यापाशी ते थांबले. प्रवेशद्वाराजवळच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले, तोच एका वृद्ध मुस्लिमाने हौद बाटल्याची ओरड केली आणि जमाव गोळा झाला. रमजानचा महिना होता. उद्या हाच अस्पृश्य मुसलमान झाला तर पाणी नाकाराल का, असे बाबासाहेबांनी विचारल्यावर शांतता पसरली. पुढे किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण पाण्याला हात लागू नये म्हणून सशस्त्र शिपाई सोबत देऊन! किल्ला निजामाच्या राज्यात होता. हिंदू ज्याला अस्पृश्य म्हणतो तो पारशाला आणि मुसलमानालाही अस्पृश्यच असतो, हे या दोन प्रसंगांतून त्यांनी जगापुढे मांडले.

त्याच निजामी राज्यात, तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे, २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिच्यासाठी बाबासाहेब आले. हे गाव बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावर. बार्शी इंग्रजी मुलखात, तडवळे निजामाच्या; मध्ये राज्याची सरहद्द. त्यांची बैलगाडीतून मिरवणूक निघाली होती, ही आठवण गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यांचा मुक्काम गावच्या शाळेत होता. वर्गाबाहेर बसविल्या गेलेल्या विद्यार्थ्याचे हे वास्तव्य पाहता, त्या वास्तूला लाभलेले महत्त्व समजू शकते.

परिषदेच्या नावातील दोन शब्द लक्षात घ्यावे लागतात. पहिला ‘वतनदार’. वतन म्हटले की मान आणि जमीन डोळ्यांपुढे येते. महाराचे वतन म्हणजे थोडी इनाम जमीन, बलुते आणि त्याबदल्यात वेळी-अवेळी गावची व सरकारची राबवणूक. निरोप पोहोचविणे, अंमलदारापुढे धावणे, मेलेली जनावरे ओढणे. हे वतन म्हणजे गुलामीचा करार आहे, ही बाबासाहेबांची भूमिका होती आणि १९२८ पासून मुंबई विधिमंडळात त्यांनी त्याविरुद्ध विधेयक मांडले होते. दुसरा शब्द ‘महार-मांग’. या दोन समाजांतही रोटी-बेटीचा व्यवहार नव्हता. जात ही केवळ विषमता नसून पायऱ्यापायऱ्यांची विषमता आहे, प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी सापडते, हे त्यांचे निदान होते. तेव्हा दोन्ही नावे एका फलकावर येणे ही किरकोळ बाब नव्हती.

याच काळात त्यांची दृष्टी देशापलीकडे जात होती. १९४६ मध्ये अमेरिकी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, तेथील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागविली. दोघांच्या समाजांच्या स्थितीत त्यांना साम्य दिसत होते. फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यातही जात शाबूत होती. साफसफाईची कामे अडू नयेत म्हणून पाकिस्तान दलितांना अडवून ठेवत आहे आणि पूर्व पंजाबातील छावण्यांत अधिकारी त्यांच्याशी भेदभाव करतात, अशी तक्रार त्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंकडे केली. हैदराबाद संस्थानातील दलितांनी निजामाची बाजू घेऊ नये, असे आवाहनही त्यांनी त्याच सुमारास केले.

१९५० मध्ये अमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. एरवी रुक्ष वाटणारी ही यादी मसूर, बडोदे आणि दौलताबाद ठाऊक असणाऱ्याला वेगळी वाटते. त्याच वर्षी त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढचे मिलिंद. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागणाऱ्या मराठवाड्यातील मुलांना त्यामुळे जवळच शिकण्याची व राहण्याची सोय झाली. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

प्रवासातील या अपमानांची हकिगत त्यांनी परकीय वाचकांसाठी इंग्रजीत लिहून ठेवली होती. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ती पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली १९९० मध्ये, आणि पुढे कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या अभ्यासातही गेली.