गणित उर्दूत आणणारे मुन्शी जकाउल्ला

पालकहो, मुलगा सूत्रे घडाघडा म्हणतो, पण उदाहरण जरा फिरवून घातले की अडतो, ही आपली नेहमीची तक्रार. म्हणून दिल्लीच्या मुन्शी जकाउल्लांची (१८३२–१९१०) हकीकत त्याच्यासह अवश्य वाचा.

दिल्ली कॉलेजात त्यांना गणिताचे गुरू लाभले ते मास्टर रामचंद्र. कमाल-किमान मूल्यांची उदाहरणे कलनशास्त्राऐवजी बीजगणिताने सोडविणारा रामचंद्रांचा इंग्रजी ग्रंथ १८५० साली कलकत्त्यास निघाला. १८५९ साली डी मॉर्गन या नामवंत गणितज्ञाने तो लंडनमध्ये पुन्हा छापविला. एवढा विद्वान माणूस, पण वर्गात शिकवी उर्दूतून! मुलांना विषय कळावा, हीच दृष्टी.

शिष्याने हाच वसा घेतला. गणिताची एकामागून एक पाठ्यपुस्तके जकाउल्लांनी उर्दूत उतरविली. पुढे अलाहाबादच्या म्यूर सेंट्रल कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पाश्चात्त्य विद्येचा त्यांना तिटकारा होता असे मात्र समजू नका. तीच तर ते घरोघरी पोहोचवू पाहत होते. परंतु वरचे शिक्षण इंग्रजीकडे वळले आणि इतक्या कष्टाने केलेली पुस्तके हळूहळू अडगळीत पडली. मुलाने गणित आधी स्वतःच्या भाषेत समजून घ्यावे, हा आग्रह त्यांनी म्हातारपणीही सोडला नाही.