भूगर्भाचा वेध घेणारा संशोधक : रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम

बदलापूर अथवा अंबरनाथ येथील दगडांच्या खाणींनजीक ज्यांची वस्ती आहे, त्यांस सुरुंगाचा अनुभव नवा नाही. सुरुंग उडाला की प्रथम पायांखालची जमीन थरथरते आणि मग धडाक्याचा आवाज कानी येतो. स्फोट एकच, परंतु त्याची वार्ता दोन वाटांनी येते, एक खडकातून व दुसरी हवेतून, आणि त्यांत खडकातील वाट अधिक जलद असते. या दोहोंमध्ये किती वेळ गेला हे जो नीट मोजील, त्यास सुरुंग किती अंतरावर उडाला हे न पाहताही सांगता येईल. ज्या थोर संशोधकाचे चरित्र आम्ही येथे देत आहोत, त्यांनी अशाच हिशेबाने साऱ्या पृथ्वीच्या पोटात काय दडले आहे याचा छडा लावला. आणि त्यांच्या विद्येची पायाभरणी या आपल्या हिंदुस्थानातच झाली.

रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांचा जन्म ३१ जुलै १८५८ रोजी झाला. त्यांचे वडील टॉमस ओल्डहॅम हे हिंदुस्थानच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्याचे पहिले प्रमुख. १८५१ साली ते कलकत्त्यास आले व सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी ते खाते वाढविले. १८६९ च्या जानेवारीत काचार प्रांतात मोठा भूकंप झाला, त्याची पाहणी त्यांनी केली होती. पण तिचा वृत्तान्त पुरा होण्यापूर्वीच, १८७८ साली, ते निवर्तले. पुढच्याच वर्षी पुत्र रिचर्ड वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याच खात्यात दाखल झाले, आणि वडिलांचे अपुरे राहिलेले ते हस्तलिखित सिद्ध करून १८८२ साली त्यांनी प्रसिद्ध केले. वडिलांचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस तरी सुचत नाही. शिवाय या कामामुळेच त्यांच्या मनास भूकंपांची गोडी लागली असावी.

नोकरीच्या काळात त्यांनी हिमालय, राजपुताना, बलुचिस्तान, मणिपूर, अंदमान असा दूरदूरचा मुलूख पायांखाली घातला. १८९३ साली हिंदुस्थानच्या भूगर्भविषयक प्रमाणग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. ती बहुतांशी त्यांनीच नव्याने लिहिलेली होती. आमच्या वालधुनीकाठचे शिवालय ज्या काळ्या पाषाणात शके ९८२ मध्ये घडविले गेले, त्या दख्खनच्या लाव्हारसाच्या खडकाचेही विवेचन त्या ग्रंथात आहे. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर येऊन थंड झाला, असे आज मानतात. अंबरनाथच्या मंदिराच्या भिंतीवर हात ठेवणारा मनुष्य एका अर्थी भूगर्भातून आलेल्या पदार्थासच स्पर्श करीत असतो. परंतु हा पदार्थ पृथ्वीच्या केवळ वरच्या भागातला. त्याच्याही खाली काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर देण्याची संधी ओल्डहॅमसाहेबांस एका भयंकर आपत्तीने मिळाली. १२ जून १८९७ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास आसामात शिलाँगच्या पठारावर भूकंप झाला. शिलाँग शहरातील दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. सुमारे दीड हजार माणसे प्राणांस मुकली. दिवसाउजेडी बहुतेक लोक घराबाहेर होते, म्हणून प्राणहानी इतक्यावरच थांबली. हाच धक्का मध्यरात्री बसता तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. ओल्डहॅम व त्यांचे सहकारी यांनी त्या डोंगराळ मुलखात हिंडून प्रत्येक खूण टिपून ठेवली. चेद्रांग नदीच्या काठी जमीन दुभंगून एक बाजू दुसरीहून कोठे कोठे ३५ फूट वर उचलली गेली होती. नदीच्या पात्रात नवे धबधबे व नवी तळी निर्माण झाली होती. काही ठिकाणी मोठमोठे धोंडे आपल्या खळग्यांतून असे उडाले होते की खळग्याची कड मुळीच मोडली नव्हती. यावरून त्यांनी अनुमान काढले की, तेथे जमिनीच्या हिसक्याचा जोर गुरुत्वाकर्षणालाही मागे टाकणारा होता. हा वृत्तान्त १८९९ साली प्रसिद्ध झाला आणि भूकंपाच्या अभ्यासकांत तो आजही आदराने वाचला जातो.

पण खरे नवल पुढेच आहे. त्या धक्क्याच्या खुणा हजारो मैल दूर इटलीतील वेधशाळांच्या नाजूक यंत्रांवरही उमटल्या होत्या. त्या वक्ररेषा पाहता ओल्डहॅम यांच्या ध्यानात आले की, एकाच धक्क्याचे तीन वेगवेगळे जथे पाठोपाठ येऊन पोहोचले आहेत. सर्वांत आधी येणाऱ्या त्या प्राथमिक लहरी. मालगाडीस इंजिनाचा धक्का बसला म्हणजे तो डब्यामागून डब्यास लागत शेवटापर्यंत जातो, तशा या लहरी खडकाला दाबत व सैल सोडीत पुढे सरकतात. दुसऱ्या त्या दुय्यम लहरी. विहिरीच्या दोरास वर झटका दिला असता जशी आडवी लाट खाली धावते, तशी त्यांची चाल. तिसऱ्या लहरी पृष्ठभागाच्या कडेकडेने येतात. त्या सर्वांत सावकाश, पण पुष्कळदा सर्वांत दांडग्या. पहिल्या दोन मात्र पृथ्वीच्या पोटातून आरपार जाणाऱ्या. त्यांतही एक भेद महत्त्वाचा आहे. प्राथमिक लहरी घन व द्रव या दोहोंतून जाऊ शकतात, तर दुय्यम लहरींस द्रवातून वाटच मिळत नाही. पाण्याला दोरासारखा पीळ अथवा झटका देता येत नाही, हे त्याचे कारण.

आमच्या मुंबईचाही या कार्यात वाटा आहे. कुलाबा वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई मूस यांनी १८९६ साली सूत्रे हाती घेतली आणि १८९८ साली तेथे मिल्न यांच्या पद्धतीचे भूकंपलेखक यंत्र बसले. या यंत्रात आडवा टांगलेला एक लंबक असे व त्याच्या हालचालीची रेषा प्रकाशाच्या साहाय्याने छायाचित्राच्या कागदावर उमटे. अशी यंत्रे जगात ठिकठिकाणी बसविण्याचा मिल्न यांचा खटाटोप चालला होता. दूरवरच्या भूकंपाची वेळ बिनचूक लिहून ठेवणे हे काम कोणाच्या डोळ्यांत भरणारे नव्हे. परंतु तसल्या नोंदी नसत्या तर पुढचा शोध लागलाच नसता. (मूस यांनी आपली चुंबकीय यंत्रे, मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून, १९०४ साली अलिबागेस नेली. ती यंत्रे जे चुंबकत्व मोजीत, त्याचे उगमस्थान भूगर्भातील वितळलेले लोह होय, हे पुष्कळ काळाने समजले.)

१९०३ साली प्रकृती ढासळल्यामुळे ओल्डहॅम यांनी नोकरी सोडली व ते इंग्लंडास परतले. एखाद्याने एवढ्यावर विश्रांती घेतली असती. यांनी मात्र जगभरच्या भूकंपांच्या नोंदी पुढ्यात घेऊन अंतर व वेळ यांची कोष्टके मांडली. लहर जितकी दूर पोहोचते तितकी ती वाटेत अधिक खोल गेलेली असते, हे त्यांचे मर्म. त्यांना असे दिसले की, भूकंपस्थानापासून सुमारे १२० अंशांपर्यंत, म्हणजे पृष्ठभागावरून मोजता १३ हजार किलोमीटरांच्या पलीकडेपर्यंत, लहरी अपेक्षेप्रमाणे येतात. त्यापुढे मात्र त्या उशिरा येऊ लागतात. तेव्हा फार खोल गेलेल्या लहरींस वाटेत निराळा, गती मंद करणारा पदार्थ लागत असला पाहिजे. १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी पृथ्वीच्या मध्यभागी एक वेगळा गाभा आहे असे प्रतिपादन केले व त्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे चार-दशांश धरली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ज्या उशिरा आलेल्या लहरी त्यांनी गाभ्यातून आलेल्या दुय्यम लहरी समजल्या, त्या वस्तुतः तशा नव्हत्या. गाभ्याचा बाहेरचा भाग द्रव असल्यामुळे दुय्यम लहरी त्यातून येऊच शकत नाहीत. म्हणजे पुराव्याचा एक भाग चुकला, पण निष्कर्ष खरा ठरला. आम्हांस यात त्यांची थोरवी उणी झालेली दिसत नाही. अंधारात चाचपडणाऱ्याचा हात भिंतीऐवजी कपाटास लागला, तरी घर आहे हे त्याने ओळखलेच.

त्यांनी उघडलेल्या वाटेने इतरही गेले. १९०९ साली क्रोएशियाच्या मोहोरोविचिच यांनी वरचे कवच व त्याखालील प्रावरण यांची सीमा शोधली. आपल्या कोयनेच्या परिसरात ती सुमारे ३५ ते ४० किलोमीटर खोल आहे, असे पुढील काळातील लहरींच्या मोजणीवरून समजले. गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोल ठरविली. त्या मानाने गाभ्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या निम्म्याहून थोडी अधिक भरते. तो गाभा द्रव असल्याचे १९२६ साली जेफ्रीज यांनी दाखविले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेस झालेल्या भूकंपानंतर, त्या भागातील भूकंपांचे मूळ शोधण्यासाठी कालांतराने तेथे तीन किलोमीटर खोल भोक पाडण्यात आले. रशियात कोला येथे पाडलेले भोक १२ किलोमीटरांहून किंचित अधिक खोल आहे. पृथ्वीच्या मध्यापर्यंतचे अंतर ६,३७१ किलोमीटर! लहरींवाचून दुसरा दूत तेथवर जाऊन परत येत नाही, हे यावरून कळावे.

ओल्डहॅम यांस १९०८ साली लायेल पदक मिळाले, १९११ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले आणि १९२० ते १९२२ लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेचे अध्यक्ष होते. सत्तरीच्या आसपास त्यांनी १८१९ च्या कच्छच्या भूकंपावर लिहिताना आपल्या १८९७ च्या वृत्तान्ताचीही पुन्हा तपासणी केली. जुने काम पुरे झाले असे त्यांनी कधी मानले नाही. १५ जुलै १९३६ रोजी वेल्समध्ये त्यांचा अंत झाला. मूस यांचाही मृत्यू त्याच वर्षीचा. आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या इंगे लेमान या विदुषीने, न्यूझीलंडच्या १९२९ च्या भूकंपाच्या नोंदी तपासून, ओल्डहॅम यांच्या गाभ्याच्या आत आणखी एक आतला गाभा असल्याचे जाहीर केले. हा आतला गाभा घन असून त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे. आसामातील त्या पठाराच्या उत्तर कडेला, जमिनीत खोल दडलेल्या ज्या भ्रंशाने १८९७ चा भूकंप घडविला असे २००१ साली दोन संशोधकांनी दाखविले, त्या भ्रंशास त्यांनी ओल्डहॅम यांचेच नाव दिले आहे.