बटाट्यातील रंग : डॉ. कमला सोहोनी यांचे स्मरण

भोर-वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांतून ज्या मुली वसतिगृहात शिकावयास येतात, त्यांना ‘प्रवेश’ या शब्दाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून या स्मरणिकेत जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांचे चरित्र, अल्पसे का होईना, असावे असे वाटले.

माहेरच्या त्या कमला भागवत. जन्म १९११ चा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. विदुषी दुर्गाबाई भागवत या थोरल्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला; अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि संचालकांसमोर उभ्या राहून जाब विचारू लागल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. वर्षभर त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नव्हत्या आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये, असे बजावण्यात आले होते. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष सरल्यावर रामन यांनी त्यांना नियमित प्रवेश दिला आणि पुढे संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. तरी तो अपमान त्या विसरल्या नाहीत; वृद्धापकाळीही त्यांनी तो उघडपणे सांगितला. थोर माणसाची चूक झाकून ठेवण्याची आपल्याकडील रीत त्यांनी पाळली नाही, हे बरेच झाले.

तेथून त्या केंब्रिजला गेल्या. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोम हे नाव रूढ केले होते. नावाचा अर्थच पेशीतील रंग. हे लोहयुक्त रंगद्रव्य श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन पुढे पोचविते. वर्णपटदर्शकातून पाहिल्यास प्रकाशाच्या पट्ट्यात ठरावीक जागी काळसर रेघा दिसतात, तीच त्याची खूण. परंतु हिरव्या पानात हे शोधणे कठीण, कारण हरितद्रव्याच्या गडद रंगाखाली असले फिकट रंग झाकून जातात. बटाटा मात्र मातीखाली अंधारात पोसतो. (उन्हात राहून हिरवा पडलेला बटाटा आपल्या स्वयंपाकघरातही निघतो, तेवढा अपवाद.) रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम करीत असताना कमलाबाईंना बटाट्यात सायटोक्रोम सी आढळले. प्राण्यांप्रमाणेच वनस्पतींच्या पेशीही याच साधनाने श्वसन करतात, हे त्यातून पुढे आले. अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

परदेशातच राहणे सोपे होते. त्या परतल्या; दिल्ली आणि कुन्नूर येथे काम करून १९४७ मध्ये विवाहानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे विद्यार्थ्यांसह त्यांनी नीरा, कडधान्ये आणि भाताचे पीठ अशा गरिबांच्या अन्नाची पारख केली. नीरेतील जीवनसत्त्वे व लोह यांवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आमच्या मते केंब्रिजच्या शोधापेक्षा हे काम तसूभरही कमी नाही. पुढे त्या ग्राहक चळवळीत रमल्या आणि भेसळ ओळखण्याविषयी लिहीत राहिल्या.

१९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.