राजवाड्यांचे खरे कॉलेज

जून-जुलैच्या सुमारास जळगाव किंवा धुळे येथील कोणत्याही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात डोकावले, तर बहुधा एकच दृश्य दिसते. देवघेवीच्या खिडकीपुढे विद्यार्थ्यांची रांग असते, हातात ओळखपत्र असते आणि मागणी क्रमिक पुस्तकाची असते. ते संपले असेल तर गाईड तरी मिळावे, एवढीच अपेक्षा. परीक्षा जवळ आली की अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा उरत नाही आणि परीक्षा संपली की तीच अभ्यासिका ओस पडते. ग्रंथपाल पुस्तके परत घेण्याच्या, दंड आकारण्याच्या आणि वार्षिक मोजणीच्या कामात गढून जातो. या साऱ्या गडबडीत भिंतीलगतची काही कपाटे वर्षानुवर्षे उघडलीच जात नाहीत. त्यांतच कोठेतरी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे जुने खंड उभे असतात. ज्या पुरुषाने ते खंड सिद्ध केले त्याचा देह धुळ्यातच पडला, हे त्या रांगेतील किती जणांना ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे धुळे येथे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निवर्तले. या घटनेची शताब्दी २०२६ च्या अखेरीस येते. शताब्दी म्हटली की पुतळा, हार आणि भाषणे ओघानेच आली. राजवाड्यांना यातले काहीही रुचले नसते. त्यांच्या चरित्रातील एका बाजूकडे मात्र या निमित्ताने नीट पाहावयास हवे. हा विद्वान वर्गात घडला नाही, कॉलेजच्या ग्रंथालयात घडला. आणि जे त्या ग्रंथालयात त्याला मिळाले नाही, ते निर्माण करण्यात त्याचे उरलेले सारे आयुष्य खर्ची पडले.

राजवाड्यांचा जन्म १८६३ चा. लहानपणीच पितृछत्र हरपलेले, घरची स्थिती बेताची. १८८२ साली ते मॅट्रिक झाले. पुढे बी. ए. व्हावयास त्यांना आठ-नऊ वर्षे लागली. एवढा काळ त्या दिवसांतही सामान्य विद्यार्थ्याला लागत नसे, आणि बुद्धी मंद म्हणून लागला असे तर कोणीच म्हणणार नाही. वडील बंधू वैजनाथ हे स्वतः संस्कृतचे गाढे व्यासंगी. यास्काच्या निरुक्ताचे त्यांनी केलेले मराठी भाषांतर अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. त्यांच्या आधाराने विश्वनाथरावांना पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहता आले. मुळा-मुठेच्या काठावर, शहराच्या गजबजाटापासून दूर असे हे कॉलेज. पहाटे तालीम करावी, नदीत मनसोक्त पोहावे आणि मग पुस्तकांत बुडून जावे, असा राजवाड्यांचा क्रम होता. वर्गातील व्याख्यानांत त्यांचे मन रमले नाही. परीक्षेला कोणते पुस्तक नेमले आहे याची फिकीर न करता इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र, जे हाती लागेल ते त्यांनी वाचले. पुढे शाळा-कॉलेजांतील आपल्या अनुभवांवर त्यांनी एक दीर्घ लेख लिहिला. त्यात शिक्षकांची आणि शिक्षणपद्धतीची त्यांनी जी हजेरी घेतली आहे, ती वाचताना आजच्या प्राध्यापकवर्गालाही अस्वस्थ वाटावे.

ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडील आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच नियम प्रसिद्ध केले. वाचकाचा वेळ वाचविणे हा त्यांतला चौथा. नियम उत्तमच आहे. परंतु राजवाड्यांच्या बाबतीत डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयाने जे केले, ते जवळजवळ याच्या उलट होते. त्याने एका तरुणाला आपला वेळ मुक्तहस्ताने उधळू दिला. कोणी त्याला काय वाचतोस म्हणून विचारले नाही, परीक्षेला उपयोग काय म्हणून टोकले नाही. वर्षाच्या हिशेबात अशा वाचकाची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, हा प्रश्न कोणत्याही ग्रंथपालाला पडेल.

मात्र या वाचनातच एक पोकळी राजवाड्यांच्या ध्यानी आली. रोमचा, ग्रीसचा, इंग्लंडचा इतिहास वाचावयाचा तर एकेका विषयावर ग्रंथांच्या ओळी उभ्या होत्या, आणि त्या ग्रंथांमागे मूळ कागदपत्रांचे छापील संग्रह होते. मराठ्यांचा इतिहास वाचावयाचा तर हाताशी मुख्यतः एकच ग्रंथ होता, ग्रँट डफचा. तो १८२६ साली निघाला. म्हणजे राजवाड्यांच्या मृत्यूच्या बरोबर शंभर वर्षे आधी. त्याखेरीज काही बखरी. काव्येतिहाससंग्रहाने जुने गद्य-पद्य छापावयास १८७८ पासून आरंभ केला होता, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेने स्वभाषेविषयी आणि स्वदेशाच्या इतिहासाविषयी तरुण मनांत अभिमान चेतविला होता. पण अभिमान म्हणजे पुरावा नव्हे. बखर ही बहुधा घटनेनंतर कित्येक वर्षांनी, कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली. घटना घडत असताना लिहिलेले पत्र ते अस्सल, बाकी सारे त्याच्या खालचे, असा निष्कर्ष राजवाड्यांनी काढला आणि त्यावर ते जन्मभर अढळ राहिले.

अस्सल पत्रे होती कोठे? पुण्याचे पेशवे दफ्तर सरकारी कुलपात होते. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली बाहेर आले ते १९३० नंतर, राजवाडे गेल्यावर. उरलेले कागद गावोगाव सरदारांच्या, मुत्सद्द्यांच्या, देशमुख-कुलकर्ण्यांच्या वाड्यांत, माळ्यांवर आणि तळघरांत पडले होते. कोठे वाळवी लागली होती, कोठे पावसाने लगदा केला होता, कोठे वारसांनी रुमालच्या रुमाल वाण्याला रद्दीच्या भावाने घातले होते. कर्तबगार पूर्वजाचे हस्ताक्षर हळद-जिऱ्याच्या पुड्या बांधण्याच्या कामी यावे, हे त्या काळी कोणाला विशेष खटकतही नव्हते.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षकाची नोकरी राजवाड्यांनी थोडाच काळ केली. पत्नी लवकर वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. भाषांतर नावाचे मासिक चालवून पाहिले. त्यासाठी प्लेटोसारखा ग्रंथकार मराठीत आणला. तेही फार दिवस चालले नाही. मग वाई येथे जुन्या कागदांचा एक मोठा साठा हाती लागला आणि आयुष्याची दिशा ठरली. १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतच्या पत्रांचा पहिला खंड १८९८ साली बाहेर पडला. मराठ्यांच्या इतिहासाची साधने या नावाने त्यांनी असे बावीस खंड काढले. सरकारी मदत नाही, संस्थेचे पाठबळ नाही. एक खंड एका ठिकाणी छापला तर दुसरा भलतीकडे. पायी हिंडावे, हाताने स्वयंपाक करावा, ज्याच्या घरी दप्तर आहे त्याच्या ओसरीवर ठाण मांडावे. कोणी दारातूनच परत लावी, कोणी कागद दाखवी पण नेऊ देत नसे, आणि एखादा सारे दप्तर स्वाधीन करून वर जेवावयास वाढी.

कागद मिळाला म्हणजे काम संपत नसे. खरे काम तेथून सुरू होई. मोडी लेखनात शब्द सलग चालतात. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, आणि लेखणी घाईची असली म्हणजे अक्षर ओळखणे हीच एक विद्या होऊन बसते. त्याहून बिकट प्रश्न तारखेचा. पेशवाईतील कित्येक पत्रांवर अरबी महिना आणि चंद्र असतो, वर्ष नसतेच. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही त्याच वर्षात जगत होते. वर्ष लिहिण्याची त्यांना गरज काय? दीडशे वर्षांनी तेच पत्र उघडणाऱ्याला मात्र मजकुरातल्या एखाद्या मुक्कामावरून, एखाद्या मृत्यूच्या उल्लेखावरून, तिथी-वाराच्या मेळावरून वर्ष हुडकून काढावे लागते. एक वर्ष चुकले की मोहीमच उलटीपालटी होते. राजवाड्यांनी शेकडो पत्रांचे हे गणित सोडविले. पत्र कोणी कोणास लिहिले, कोणत्या घराण्याच्या संग्रहात मिळाले, केव्हाचे असावे, हे ठरविल्यावाचून ते छापावयाचे नाही, ही शिस्त त्यांनी घालून दिली. चांगला ग्रंथपाल पुस्तकाची नोंद करताना जे करतो, त्याचेच हे अधिक कष्टाचे रूप होय.

पुणे येथे ७ जुलै १९१० रोजी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. हेतू हा, की कागद एका माणसाच्या पडवीत न राहता संस्थेच्या कपाटात जावेत, आणि ज्याला पाहावयाचे त्याला पाहता यावेत. ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत मिळवून १९०९ साली त्यांनी ती छापली आणि तिचे व्याकरण लिहिले. राधामाधवविलासचंपू आणि महिकावतीची बखर या ग्रंथांना जोडलेल्या त्यांच्या प्रस्तावना म्हणजे स्वतंत्र ग्रंथच आहेत. इंग्रजी उत्तम येत असूनही लेखन मराठीतच करावयाचे, हे व्रत त्यांनी सोडले नाही. त्याची किंमतही दिली. महाराष्ट्राबाहेरच्या विद्वानांना त्यांचे काम फार उशिरा कळले.

राजवाड्यांच्या चुकांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पुढील भाषाशास्त्रज्ञांनी मान्य केल्या नाहीत. त्यांच्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीच्या प्राचीनतेबद्दल वाद झाले. वारकरी संतांविषयी त्यांनी अनुदारपणे लिहिले, आणि जातीचा अभिमान त्यांच्या लेखणीतून अनेकदा डोकावतो. स्वभाव तापट, मतभेद झाला की तडजोड त्यांना ठाऊक नसे. जी संस्था स्वतः काढली, तिच्यापासूनही ते दूर झाले. पण त्यांनी छापलेली साधने त्यांच्या मतांची बांधील नाहीत. राजवाड्यांच्या निष्कर्षाविरुद्ध जावयाचे असले, तरी पुरावा बहुधा राजवाड्यांच्याच खंडांतून काढावा लागतो. स्वतःला खोडून काढण्याचे साहित्य प्रतिपक्षाच्या हाती देणारे विद्वान कोणत्याही काळी थोडेच असतात.

खानदेशाशी त्यांचा संबंध अखेरच्या दिवसांपुरता नव्हता. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे समर्थ संप्रदायाचे ग्रंथ आणि कागद गोळा करण्याचे मोठे काम चालविले होते. भास्कर वामन भट यांच्यासारखा इतिहासप्रेमी वकील तेथे होता. पुण्यात न रमलेला हा फिरस्ता या मंडळींत रमला. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाल्यावर धुळे हे पश्चिमेकडील जिल्ह्याचे ठाणे होते आणि जळगाव पूर्वेकडील. दोन्ही शहरांत त्या वेळी कापसाच्या गाड्या होत्या, वकील होते, वाचनालयेही होती. कॉलेज मात्र नव्हते. खानदेशातील मुलाला उच्च शिक्षणासाठी नाशिक-पुण्याची वाट धरावी लागे. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय निघाले १९४४ साली आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५ साली. म्हणजे या भागात पहिले कॉलेज उभे राहण्याच्या सतरा वर्षे आधी येथे एक संशोधनालय उभे राहिले होते. राजवाडे गेल्यानंतर काही दिवसांतच, १९२७ च्या जानेवारीत, धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले. त्यांची दप्तरे, टिपणे आणि हस्तलिखिते तेथे आली. अपुऱ्या राहिलेल्या कामांपैकी धातुकोश आणि शब्दव्युत्पत्तिकोश मंडळाने छापले, संशोधक हे नियतकालिक काढले, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचे समग्र साहित्य तेरा खंडांत प्रसिद्ध केले. सरकारी विद्यापीठाला भूषण वाटावे असे हे काम आहे, आणि ते जिल्ह्याच्या गावातील माणसांनी वर्गणी-देणग्यांच्या बळावर तडीस नेले.

खानदेशात १९९० पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. गावोगाव महाविद्यालये झाली, ग्रंथालयांत संगणक आले, कार्डांची लाकडी कपाटे अडगळीत गेली. इतिहासाचा विद्यार्थी मात्र पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा एकही अस्सल कागद त्याने हाती धरलेला नसतो, आणि मोडीची बाराखडी येणारा शंभरात एखादा निघाला तर नशीब. दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. त्याला कोणी तसे बसूच दिलेले नसते. वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास असतो, पण तो तास बहुतेक ठिकाणी पुस्तक बदलण्याचा असतो. वास्तविक महाविद्यालयांनी ठरविले तर वर्षातून आठ-दहा दिवस दहा-बारा मुले धुळ्याच्या मंडळात नेऊन एकेका रुमालापुढे बसविणे अवघड नाही. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठे अनुदानही लागत नाही. मोडी जाणणारा एक शिक्षक लागतो आणि परीक्षेत याला गुण किती, असे न विचारणारा एक प्राचार्य.

जळगावहून एरंडोल, पारोळा या वाटेने धुळे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर आहे. सकाळच्या बसने निघालेला विद्यार्थी दुपारच्या आत मंडळाच्या दारात पोचतो.