स्प्रिंगच्या सरळ रेषेमागचा माणूस

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील शाळा असो वा महानगरातील महाविद्यालय, स्प्रिंगचा प्रयोग कोणालाच चुकत नाही. स्टँडला स्प्रिंग टांगायची, एकेक वजन चढवायचे, वाढलेली लांबी टिपायची आणि आलेख काढायचा. या प्रयोगामागे आहेत रॉबर्ट हूक.

हूक यांचा जन्म 1635 साली इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट बेटावर झाला. ते तेरा वर्षांचे असताना धर्मोपदेशक वडिलांचे निधन झाले. पुढे ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट बॉइल यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी हवेचा पंप तयार केला. 1662 मध्ये रॉयल सोसायटीने सभांमध्ये प्रयोग करून दाखविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. 1665 मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या बुचाच्या कप्प्यांना त्यांनी ‘सेल’ हे नाव दिले. 1666 च्या भीषण आगीनंतर लंडनच्या मोजणीचे कामही त्यांनी केले.

स्प्रिंगचे घड्याळ मात्र त्यांच्या मनाला कायम लागून राहिले. 1675 मध्ये ख्रिस्तिआन हायगेन्स यांनी असे घड्याळ जाहीर केले, तेव्हा ही कल्पना आपली असल्याचा दावा हूक यांनी केला. पण छापील पुरावा नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांनी आपला नियम चौदा अक्षरांच्या कोड्यात दडवून छापला आणि 1678 मध्ये उकल प्रसिद्ध केली. जितके बल, तितक्या प्रमाणात ताण, हा त्याचा आशय.

विद्यार्थी आज हाच नियम आलेखात वाचतो. उभ्या अक्षावर बल व आडव्या अक्षावर लांबीतील वाढ घेतली, की आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा मिळते. तिचा चढ म्हणजे स्प्रिंगचा बलस्थिरांक. शंभर ग्रॅम वजनाने, म्हणजे सुमारे एक न्यूटन बलाने, स्प्रिंग चार सेंटिमीटर वाढली, तर तो मीटरला सुमारे 25 न्यूटन येतो. वाढीऐवजी पूर्ण लांबी घेतली, तर रेषा आरंभबिंदूतून जात नाही. अक्षावरील तिचा छेद मूळ लांबी सांगतो. वजन फार वाढविल्यास रेषा वाकते. तेथे नियमाची मर्यादा संपते. त्यापुढे आणखी ताणल्यास वजन काढूनही स्प्रिंग मूळ लांबीवर येत नाही.

1686 मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून न्यूटन यांच्याशी जडलेले वैर अखेरपर्यंत मिटले नाही. 1703 मध्ये हूक यांचे निधन झाले. त्यांचे एकही निर्विवाद चित्र आज उपलब्ध नाही. न्यूटन यांनी ते नष्ट करविले, असे सांगितले जाते. पुरावा मात्र नाही.

2006 मध्ये इंग्लंडमधील एका घराच्या कपाटात हूक यांच्या हस्ताक्षरातील कागद सापडले. स्प्रिंगच्या घड्याळाच्या दाव्याला आधार देणारी 1670 सालच्या सभेची नोंद त्यांत आहे. हायगेन्स यांच्या पाच वर्षे आधीची! वहीत निरीक्षण वेळेवर आणि तारखेसह लिहावे, असे शिक्षक का बजावतात, हे हूक यांच्या आयुष्याइतके दुसरे कोण सांगणार?