ब्रिज त्याचा नव्हता, स्टिरिओस्कोप होता!

बारावीचं फिजिक्स तुम्ही विसरला असाल, पण एक नाव नक्की आठवत असेल. व्हीटस्टन! चार रेझिस्टन्स, मधे गॅल्व्हॅनोमीटर आणि प्रॅक्टिकलला मीटर ब्रिजच्या तारेवर जॉकी सरकवत शोधलेला नल पॉइंट. गंमत अशी, की हा ब्रिज व्हीटस्टनने शोधलेलाच नाही. आणि जे त्याने खरोखर शोधलं, ते दुसऱ्यांच्या नावाने ओळखलं गेलं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर जुन्या कॅमेऱ्यांच्या एखाद्या मेळ्यात जायला हवं. पॅरिसजवळच्या बिएव्र गावात दरवर्षी असा मेळा भरतो, लंडनमध्येही भरतो. संग्राहक मंडळी तिथे तासन्‌तास घासाघीस करतात. त्यातलं थ्रीडी फोटोग्राफीचं टेबल गाठा. लाकडी दांड्याचा, हातात धरायचा व्ह्यूअर दिसला की तो ‘होम्स’. दोन भिंगांची बंद पेटी म्हणजे ‘ब्रूस्टर’. चकती घालून खटका दाबायचा तो व्ह्यू-मास्टर, त्याच्या एका चकतीवर 14 चिमुकले फोटो, म्हणजे 7 जोड्या. शेजारी 1947 मध्ये बाजारात आलेला स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेरा. या सगळ्या खानदानाचा मूळ पुरुष चार्ल्स व्हीटस्टन. पण त्याच्या नावाचं यंत्र तिथे मिळणं महाकठीण.

चार्ल्सचा जन्म 1802 चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरजवळचा. घरात वाद्यांचा धंदा. लंडनमध्ये काकाच्या वाद्यांच्या दुकानात तो उमेदवारी करायला लागला. विद्यापीठाची पदवी नाही, पण आवाज कसा प्रवास करतो याचं वेड. 1821 मध्ये त्याने छताला तारेने एक वाद्य टांगलं. कुणीही हात न लावता ते वाजायचं! खरं वादन वरच्या खोलीत चालायचं आणि त्याची कंपनं तारेतून खाली यायची. पुढे त्याने कॉन्सर्टिना हे वाद्यही बनवलं. 1834 मध्ये हा दुकानदार लंडनच्या किंग्ज कॉलेजात चक्क प्रोफेसर झाला.

आणि तिथेच पंचाईत झाली. चार्ल्स कमालीचा लाजाळू. मित्रांमध्ये भरभरून बोलणारा हा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की आवाज बसायचा, पुढच्यांनाही नीट ऐकू जायचं नाही. थोड्याच व्याख्यानांनंतर त्याने शिकवणं जवळपास सोडलं. त्याचं संशोधन रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोकांसमोर मांडायचा तो त्याचा मित्र मायकेल फॅरेडे. प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना हा माणूस आपला वाटेल.

आता मूळ मुद्द्याकडे या. एक बोट नाकासमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं ना? दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात, हे लोकांना आधीही माहीत होतं. पण याच फरकातून मेंदू खोली घडवतो, हे प्रयोगाने दाखवलं व्हीटस्टनने. त्याने दोन आरसे काटकोनात जोडले, दोन्ही बाजूंना एकाच वस्तूची किंचित वेगळी दोन रेखाचित्रं लावली. आरशांत बघितलं की सपाट रेघांमधून ठोकळा उठून उभा! सावल्यांमुळे भास होतो असं कुणी म्हणू नये, म्हणून चित्रंही नुसत्या रेघांची. 1838 मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं. फोटोग्राफी जगासमोर आली 1839 मध्ये. म्हणजे फोटो यायच्या आधीच थ्रीडी फोटो बघायचं यंत्र तयार होतं!

पण ते यंत्र होतं टेबलभर मोठं. 1849 मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने आरशांऐवजी भिंगं वापरून सुटसुटीत पेटी केली. हाच तो कॅलिडोस्कोपवाला ब्रूस्टर. 1851 च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात ती राणी व्हिक्टोरियाला आवडली आणि घराघरांत पोचली. इथवर ठीक होतं. पण 1856 मध्ये ब्रूस्टरने वर्तमानपत्रातून असं मांडलं, की मूळ कल्पना व्हीटस्टनची नाहीच, एडिंबराच्या एलियट नावाच्या शिक्षकाची आहे. या वेळी आपला लाजाळू चार्ल्स गप्प बसला नाही. त्याने जाहीर उत्तरं दिली. त्याच्या बाजूने छापील पुरावाही होता. त्याच्या या शोधाचा उल्लेख 1833 च्या शरीरशास्त्राच्या एका पुस्तकात आला होता.

तो काही संत नव्हता. टेलिग्राफच्या श्रेयावरून त्याचं भागीदार विल्यम कुकशी इतकं वाजलं, की 1841 मध्ये दोन मध्यस्थ बसवावे लागले. पण ब्रिजच्या बाबतीत बघा. ती जोडणी 1833 मध्ये सॅम्युएल हंटर क्रिस्टीने मांडली होती. व्हीटस्टनने 1843 मध्ये ती वापरून दाखवली आणि क्रिस्टीचं श्रेय क्रिस्टीला दिलं. तरी जगाने नाव व्हीटस्टनचंच ठेवलं. उलट कम्प्युटरवाले शिकतात तो प्लेफेअर सायफर 1854 मध्ये तयार केला व्हीटस्टनने, आणि नाव मिळालं त्याचा प्रचार करणाऱ्या मित्राचं! ज्याने वस्तू लोकांपर्यंत नेली त्याचं नाव लागलं, मग कधी व्हीटस्टनचा तोटा झाला, कधी फायदा. 1868 मध्ये तो सर झाला आणि 1875 मध्ये पॅरिसमध्ये वारला.

तेव्हा कधी जुनं स्टिरिओकार्ड विकत घेतलंत, तर आधी पट्टी लावा. दोन्ही चित्रांतल्या जवळच्या वस्तूंमधलं अंतर मोजा, मग लांबच्या वस्तूंमधलं. दोन्ही सारखंच भरलं तर एकच फोटो दोनदा चिकटवलाय, पैसे देऊ नका. आणि व्ह्यूअर परवडत नसेल तर व्हीटस्टनचं यंत्र घरीच करा. मोबाइल सहा-सात सेंटिमीटर सरकवून दोन फोटो काढा, प्रिंट करताना ते आरशासारखे उलटे करा. दोन छोटे आरसे काटकोनात जोडून त्यांची कड नाकापाशी आणा, डावा फोटो डावीकडे, उजवा उजवीकडे. फोटो थोडे पुढेमागे करत राहा. चित्र उठून उभं राहिलं की शेजारच्याला दाखवा, आणि हे कुणाचं डोकं तेही सांगा.